उतारावरचा हँडब्रेक

जे काम भले भले मेकॅनिक टाळतात, ते मी एका आठवड्यात, स्वतःच्या हातांनी, अंगणात सतरंजी अंथरून केलं! पन्नास वर्षांच्या जुन्या गाडीच्या मागच्या डिस्क ब्रेकना हँडब्रेक बसवला.

तो बसवण्याची वेळ माझ्यावर माझ्यामुळेच आली होती, हेही सांगून टाकतो. गाडी सासऱ्यांची, तळहाताच्या फोडासारखी जपलेली. त्यांनी ती मला वापरायला दिली आणि मी मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले. गाडी थांबायला लागली झकास. फक्त हँडब्रेक ड्रमबरोबरच गेला, हे ड्रम भंगारात गेल्यावर लक्षात आलं. आणि आमचं घर भर उतारावर! सासऱ्यांनी निरोप धाडला की रविवारी येतो. हँडब्रेक धरला तर गाडी कायमची तुमची, नाही तर मी परत घेऊन जाणार.

मग काय, केबल आली, डिस्कला चिमट्यासारखे पकडणारे, हँडब्रेकची सोय असलेले कॅलिपर आले. उताराच्या पायथ्याशी गॅरेज असलेले वस्ताद सामान देताना शेवटी काहीतरी समजावत होते, पण मला घाई होती. कळलं, कळलं, म्हणत मी निघून आलो.

रविवारी सासऱ्यांना शेजारी बसवलं. ब्रेकची ताकद दिसावी म्हणून उतारावर चार फेऱ्या मारल्या आणि दर दहा पावलांवर करकचून ब्रेक दाबला. त्यांचा चष्मा दोनदा पायाशी गेला. शेवटी घरासमोर, तोंड उताराकडे करून गाडी उभी केली.

"गिअरमध्ये टाकून फसवायचं नाही हं, जावईबापू."

मी न्यूट्रल केली. दांडी ओढली, पाच खटके वाजले. ब्रेकवरचा पाय काढला. गाडी ढिम्म! सासऱ्यांनी घड्याळात बघून दोन मिनिटं मोजली आणि नाइलाजाने मान डोलावली. चहाला मात्र ते उतरेनात. झटक्यांनी डोकं गरगरतंय, इथेच जरा डोळे मिटतो, म्हणाले.

आत चहा घेता घेता मी बायकोला केबलचं रसाळ निरूपण ऐकवत होतो. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "बाबांना कुठे पाठवलंत?"

गाडी निघाली होती. पोट भरलेल्या म्हशीसारखी, निवांत. आत सासरे मान मागे टाकून गाढ झोपलेले. मी धावलो! एका पायात चप्पल, हातात कपबशी आणि तोंडात देवाची पाठ असतील तेवढी सगळी नावं. समोरच्या काकू कुंड्यांना पाणी घालता घालता, बाबा इतक्यात निघाले का, म्हणून विचारत होत्या. एक कुत्रा आदराने बाजूला झाला. मी मात्र कायम दोन हात मागेच.

खाली सपाटी लागली आणि गाडी बरोबर गॅरेजच्या दारात आपोआप थांबली. मी आत शिरून स्टिअरिंग धरलं. वस्ताद खिडकीशी वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "डिस्क तापली की फुगते. तेव्हा ओढलेला हँडब्रेक गार झाल्यावर सैल पडतो. गार झाल्यावर आणखी दोन खटके ओढा, हेच सांगत होतो त्या दिवशी."

मी दोन खटके ओढले. त्या आवाजाने सासरे जागे झाले. बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, आजच्या फेऱ्यांमध्ये ही एकच धड झाली. एक धक्का नाही, एक झटका नाही. अशी चालवणार असाल तर गाडी तुमची."

माझं मन मला खाऊ लागलं. म्हाताऱ्या माणसाशी खोटं कसं बोलायचं?

"बाबा, खरं सांगतो. गाडी मी चालवत नव्हतो."

"तेच तर म्हणतोय मी, तुम्ही चालवताय असं वाटलंच नाही!" सासरे खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

खरं बोलल्याचं पुण्य माझ्या नावावर जमा झालं की नाही, हे देवाला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.