टिटवीबाईंचं अर्धवट आभारप्रदर्शन

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती. त्या जंगलात वाघ आहे की नाही यावर वाद होते, पण शाळा नक्की होती, कारण तिची पाटी लागलेली होती. मागच्या बाकावरच्यांनी नीट बसा. आज गोष्ट तुमची नाही, तुमच्या मास्तरांची आहे.

शाळेत चार शिक्षक आणि एक मुख्याध्यापक. मुख्याध्यापक होते गवासर. देह एवढा, की सर कचेरीत बसले की कचेरी दिसेनाशी व्हायची. काहीही विचारलं की आधी बराच वेळ रवंथ करायचे, मग उत्तर द्यायचे. तोवर विचारणारा कंटाळून निघून गेलेला असायचा. त्यामुळे शाळेचा कारभार फार सुरळीत चालला होता.

चौघांपैकी एक आपल्या टिटवीबाई. काटकुळे पाय आणि खणखणीत आवाज. पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे. शाळेला लागूनच नदी होती आणि नदीकाठच्या गोट्यांमध्ये बाईंची चार अंडी होती. दिवसभर त्यांचे यजमान अंड्यांवर बसायचे. घार दिसली की बाई वर्गातूनच ओरडायच्या, आणि मुलांना वाटायचं, पाढा चुकला. शाळा सुटली की बाई पोट पाण्यात भिजवून अंड्यांना गारवा द्यायच्या, मग ओरडायचं काम यजमानांचं. हे दोघांचं काम असतं, बरं का. अंड्यांवर बसायचंही आणि घारीमागे धावायचंही, हे एकट्याला जमत नाही.

सोमवारी हुकूम आला. दर वर्षी येतो तसाच. जंगलातल्या सगळ्या मुंग्या मोजायच्या. कोणी? शिक्षकांनी, आणखी कोणी! जंगलात कोणालाही काहीही मोजायचं झालं की शिक्षकांचीच आठवण होते. शुक्रवारपासून सहा दिवस डोंगरापलीकडच्या वारुळांवर मुक्काम. आणि बाईंची अंडी फुटणार होती गुरुवारी-शुक्रवारी.

बाई अर्ज घेऊन कचेरीत गेल्या. सरांनी अर्ज वाचला आणि रवंथ करत बसले. बाई हलल्या नाहीत. शेवटी सरांना बोलावंच लागलं.

"बाई, माझी व्यक्तिशः काहीच हरकत नाही. पण आज तुम्हाला सोडलं की उद्या सगळे येतील. शिक्षकांची समिती असती आणि तिने रीतसर मागणी केली असती, तर मी लगेच सही केली असती."

"पण आपल्याकडे समितीच नाही, सर."

"तेच तर म्हणतोय मी," सर म्हणाले.

बाई तशाच जांभळाखाली गेल्या. तिथे साळिंदर गुरुजी बसले होते. सर्वांत ज्येष्ठ. बाईंनी अर्ज त्यांच्या हातात दिला. गुरुजींनी पाठीवरचा एक काटा उपटला, पळसाच्या लाल रंगात बुडवला आणि अर्ज तपासून दिला. दहापैकी सहा.

"मुद्दा चांगला आहे. पण समास सोडलेला नाही."

"गुरुजी, अंडी फुटायला आलीत."

"ते चौथ्या ओळीत आलंय. पुनरुक्ती टाळावी."

गुरुजी काही निर्दय नव्हते. त्यांनाही मुंग्या मोजायचा वैतागच होता. गेल्या वर्षी ते एक लाखापर्यंत पोचले होते, आणि तेवढ्यात वारुळातल्या मुंग्यांनी जागा बदलल्या. ते म्हणाले, "समिती काढू या. पण रीतसर."

दुपारी बैठक बसली. गुरुजींनी आधी हजेरी घेतली. हजर चार. घोरपडबाई सचिव झाल्या, कारण वही त्यांनी आधीच हातात घेतली होती, आणि त्यांच्या हातात आलेलं काही सहसा सुटत नाही. मग खवलेमांजर सरांना विचारलं, तुमचं मत काय? मत विचारलं की खवलेमांजर सर अंगाचं वेटोळं करून घेतात. घोरपडबाईंनी वहीत लिहिलं, 'अनुमोदन : खवलेमांजर सर.'

समिती झाली. आता मागणी लिहायची, एवढंच उरलं, असं टिटवीबाईंना वाटलं.

"थांबा बाई," गुरुजी म्हणाले. "अजून उद्घाटन व्हायचंय."

त्या शाळेची रीतच तशी होती. नवा फळा आला तरी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अध्यक्षीय भाषण आणि आभारप्रदर्शन, एवढं झाल्याशिवाय त्यावर खडू टेकत नसे.

"मग अध्यक्ष कोणाला बोलवायचं?" घोरपडबाईंनी विचारलं.

"हुद्द्याने मोठं असेल त्यालाच," गुरुजी म्हणाले, आणि सगळ्यांनी कचेरीकडे पाहिलं.

"अहो, पण मागणी त्यांच्याकडेच करायचीय ना?" टिटवीबाई कळवळून म्हणाल्या.

"मागणी नंतर. आणि बोलावलं नाही तर त्यांना काय वाटेल?"

गुरुवारी उद्घाटन ठरलं. टिटवीबाईंचा विषय कार्यक्रमपत्रिकेत अगदी खाली गेला, 'माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या ओळीत. त्याखाली आभारप्रदर्शन. तेही बाईंकडेच, आवाज खणखणीत म्हणून.

गवासर आनंदाने आले. झोपेतल्या काजव्याला भर उन्हात आणून दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. मग सर बोलायला उठले. दर दोन वाक्यांनी ते रवंथ करायला थांबत. भाषण संपलं असं समजून सगळे टाळ्या वाजवत, आणि टाळ्या ऐकून सरांना आणखी बोलावंसं वाटे. बाईंचा एक डोळा सरांवर होता आणि दुसरा नदीवर.

अखेर ऐनवेळचा विषय आला. बाईंनी तो एका दमात सांगितला.

"ही समितीची मागणी आहे का?" सरांनी विचारलं.

"समिती तर आत्ताच स्थापन झाली, सर."

"मग समितीने पुढच्या बैठकीत ठराव करून पाठवावा."

"पुढची बैठक कधी?" बाईंनी घोरपडबाईंना विचारलं.

घोरपडबाईंनी वही चाळली. "मुंग्या मोजून झाल्यावर."

पुन्हा टाळ्या झाल्या. बाईंना अगदी रडू आलं. ज्या समितीसाठी चार दिवस धावपळ केली, तिनेच त्यांना पुढच्या आठवड्यावर ढकललं होतं. पण आभार मानायचे राहिले होते, म्हणून त्या उभ्या राहिल्या.

"आजच्या समारंभाचे अध्यक्ष, माननीय गवासर, यांचे मी..."

तेवढ्यात नदीवरून यजमानांचं ओरडणं ऐकू आलं. नेहमीचं नव्हे. बाई थबकल्या. सचिव, काजवा, गायकवृंद, सगळ्यांचे आभार अजून बाकी होते.

"बाकीच्यांचे राहिले," एवढंच म्हणून बाई उडाल्या.

घार अगदी खाली आली होती. बाईंनी असा काही आवाज चढवला, की ती डोंगराच्या दिशेने निघून गेली. पहिल्या अंड्याला तडा गेला होता. संध्याकाळपर्यंत चारही पिल्लं बाहेर आली आणि गोट्यांतून पळायला लागली.

"समितीचं काय झालं?" यजमानांनी विचारलं.

"झाली स्थापन," बाई म्हणाल्या. "आणि उद्या मला मुंग्यांवर जावं लागणार."

इकडे जांभळाखाली मोठा गहजब उडाला होता. आभार अर्ध्यावर सोडून जाणं शाळेत कधीच घडलं नव्हतं. काजवा रुसून बसला. साळिंदर गुरुजींचे सगळे काटे उभे राहिले. समितीची तातडीची बैठक जागच्या जागी बसली, उद्घाटनाशिवाय. एकच ठराव झाला : टिटवीबाईंना शिक्षा म्हणून आठवडाभर शाळेच्या सर्व कामांतून दूर ठेवावं. खवलेमांजर सरांनी वेटोळं केलं. ठराव एकमताने मंजूर.

गवासरांनी तो वाचला आणि रवंथ न करता सही केली. समितीची रीतसर मागणी होती ना.

शुक्रवारी सकाळी डोंगराकडे जाता जाता घोरपडबाईंनी बाईंना पत्र दिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"सर्व कामांतून म्हणजे मुंग्यांमधूनही?"

"सर्व म्हणजे सर्व," घोरपडबाई कडक आवाजात म्हणाल्या. "शिक्षा आहे ही."

बाईंनी मान खाली घातली, चारही पिल्लं पंखांखाली घेतली आणि तिथेच बसल्या. वारुळांकडे तिघंच गेले.

समितीच्या अहवालात त्या वर्षी लिहिलं गेलं, 'एका सदस्येस गणनेतून मुक्त करण्यात समितीला यश.' ते यश कसं मिळालं, हे तिघांनाही डोंगरावर सहा दिवस मोजता मोजता कळलं. पुढच्या वर्षी गणनेच्या आदल्या दिवशी समितीचा वर्धापनदिन झाला. आभार मानायला तिघंही एकदम उठले, आणि तिघंही पहिल्याच वाक्यात निघून गेले.

तात्पर्य : संघटनेत मोठी ताकद असते. ती आपल्या उपयोगी पडावी असं वाटत असेल, तर आधी तिचा अपमान करावा.