दुसऱ्या चहाचा खर्च

त्या मंगळवारी वॉल्टरराव हिंडल यांनी दार उघडलं तेच नाही म्हणायच्या तयारीनं. गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅबलेट असलेला तरुण दारात उभा राहिला की तो दुहेरी काचांच्या खिडक्या विकायला आलेला असतो, हे थॉर्नबेक गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वॉल्टररावांच्या घराला दुहेरी काचा होत्याच. आधीच्या एका विक्रेत्याला नाही म्हणता आलं नव्हतं, म्हणून लागल्या होत्या. त्यानंतर बायकोनं, म्हणजे म्युरिएलनं, त्यांच्याकडून एक वाक्य घोकून घेतलं होतं. "बायकोला विचारावं लागेल." हे वाक्य इंग्लंडात कुठल्याही दारात चालतं. ते ऐकलं की विक्रेता मुकाट्यानं फाटक लावून घेतो. म्युरिएल जाऊन दोन वर्षं झाली होती, पण वॉल्टररावांनी वाक्य बदललं नव्हतं. (बदलून म्हणणार काय? 'मला स्वतःला विचारावं लागेल' असं म्हटलं तर विक्रेता आत येऊन बसायचा.)

"घरात मोठी माणसं किती?" तरुणानं विचारलं. त्याआधीही तो बरंच काही बोलला होता, पण वॉल्टररावांचं ऐकायचं यंत्र स्वयंपाकघरात, पावाच्या डब्यावर होतं.

"दोन. पण आमच्याकडे सगळं बायको ठरवते. तिला विचारावं लागेल."

"आहेत का त्या घरात?"

इतकं पुढचं आजवर कोणी विचारलं नव्हतं. वॉल्टरराव जरा गडबडले.

"आहे ना. आंघोळ करतेय."

"मग थांबतो मी."

"छे, थांबू नका! ती एकदा टबात बसली की तास तास उठत नाही." आणि पोराची खात्री पटावी म्हणून त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "म्युरिएल! अगं, खिडक्यावाला आलाय!"

वरून काही आवाज आला नाही. येणार कुठून?

"नको म्हणतेय," वॉल्टरराव म्हणाले.

तरुणानं टॅबलेटवर बोट फिरवलं, आभार मानले आणि तो निघून गेला. वॉल्टररावांना मात्र त्या दिवशी उगाचच बरं वाटत राहिलं. त्या घरात ते नाव मोठ्यानं घ्यायला कित्येक दिवसांत निमित्तच मिळालं नव्हतं. बश्या विसळताना त्यांनी चक्क शीळ घातली.

तो पोरगा कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, तपासनीस होता. नाव कॉलिन. एकटं राहणाऱ्या माणसाला घरपट्टीत पाव हिस्सा सूट मिळते, आणि ती घेणारे खरंच एकटे आहेत का, हे बघत तो दारोदार हिंडत होता. वॉल्टररावांची सूट दुसऱ्याच दिवशी बंद झाली. मग पत्रं येऊ लागली. पण खाकी पाकिटं उघडणं हे म्युरिएलचं खातं होतं. वॉल्टररावांचं खातं कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवायचं. त्यांनी आपल्या खात्यात कधी हयगय केली नाही आणि तिच्या खात्यात कधी नाक खुपसलं नाही. पाकिटं घड्याळामागे साठत गेली. शेवटी पोस्टमननंच एक पाकीट त्यांच्या हातात खुपसलं आणि म्हणाला, "वॉल्टर, हे तेवढं उघड बाबा. यावर कोर्टाचं नाव आहे."

समन्स होतं. घरपट्टी थकवली, वर खोटी माहिती दिली, आता मॅजिस्ट्रेटसमोर येऊन सांगा.

वॉल्टरराव लग्नाचा सूट घालून कोर्टात गेले. (दुसरा सूट अंत्यविधीला घातला होता, त्याला हात लावायचं धाडस होत नव्हतं.) समोर तीन मॅजिस्ट्रेट बसले होते. मधल्या बाईंचा चष्मा नाकाच्या टोकावर आला होता. कॉलिननं उभं राहून गंभीर आवाजात आपली नोंद वाचली, "घरात दोन प्रौढ. पत्नी आंघोळीस. तास लागतो. खिडक्या नकोत."

"मिस्टर हिंडल," बाई म्हणाल्या, "तुमच्या पत्नी कुठे आहेत?"

"ती नाहीये."

"आज आल्या नाहीत का?"

"दोन वर्षं आली नाही, मॅडम."

"म्हणजे सोडून गेल्या?"

"तसंच म्हणायचं."

कॉलिन लगेच उठला. "वेगळ्या राहत असतील तर त्यांचा सध्याचा पत्ता द्यावा लागेल."

"चर्चच्या मागे," वॉल्टरराव म्हणाले. "फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला."

"घर नंबर?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. वॉल्टररावांनी खिशातून मृत्यूचा दाखला काढला, तो पुढे केला आणि म्हणाले, "माझी बायको वारली." दोन वर्षांत हे तीन शब्द त्यांनी कोणाला तोंडानं सांगितले नव्हते. गावात सगळ्यांना ठाऊकच होतं, सांगायची वेळ आली नव्हती. आता ते भर कोर्टात सांगावे लागले, आणि कॉलिन खाली बसताना खुर्ची चुकता चुकता वाचला.

"मग आंघोळ कोण करत होतं?" बाईंनी हळूच विचारलं.

"कोणी नाही, मॅडम. घरात मी एकटाच असतो."

समन्स रद्द झालं. घरपट्टीतली सूट परत मिळाली. शिवाय मिस्टर हिंडल यांना झालेला वाजवी खर्च कौन्सिलनं द्यावा, त्यांनी पावत्या सादर कराव्यात, असाही हुकूम झाला. या शेवटच्या वाक्यानं वॉल्टरराव एकदम ताठ झाले. कौन्सिलला आपल्याला पैसे द्यावे लागणार! त्यांनी न्हाव्याला सांगितलं, खाटकाला सांगितलं, पोस्टमनला दोनदा सांगितलं, "पेनी न् पेनी वसूल करणार. पैशाचा प्रश्न नाही हो, तत्त्वाचा आहे." (पैशाचा प्रश्न खरंच नव्हता. सगळा मिळून खर्च एका ब्लँकेटइतकाही भरत नव्हता.)

कौन्सिलच्या खिडकीमागे मिसेस पिलिंग बसत. या बाईंनी आजवर कोणाला सुखासुखी पैसे दिल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांनी पहिलीच पावती उचलली आणि लोकरी स्वेटरच्या बाह्या वर सरकवल्या.

"बसचं भाडं? मिस्टर हिंडल, म्हाताऱ्यांचा फुकट पास आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की. पण तो साडेनऊच्या पुढे चालतो. आणि तुम्ही मला कोर्टात बोलावलंत दहाला. बस रेंगाळत रेंगाळत जाते. साडेनऊला निघालो असतो तर तुम्हीच जिंकला असतात."

मिसेस पिलिंगना बिनतोड उत्तराची सवय नसावी. त्यांनी ओठ आवळून भाडं मंजूर केलं. दाखल्याची प्रत मंजूर झाली. वॉल्टररावांना चांगलाच जोर चढला. मागे रांगेतल्या लोकांकडे त्यांनी एकदा विजयी मुद्रेनं बघूनही घेतलं.

"आणि हे काय? दोन चहा. दोन गोड पाव, भाजून, लोणी लावून." बाईंनी पावती उजेडात धरली. "दोन?"

"दोन."

"पण तुम्ही तर एकटे असता. कोर्टात तसं सिद्ध झालंय. तुम्हीच केलंय."

"एकटाच असतो."

"मग दुसरा चहा कोणाचा?"

'मला तहान लागली होती' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण वॉल्टररावांच्या तोंडून ते निघेना. त्या दिवशी ते कोर्टातून बाहेर पडले. समोरच्या चहाच्या दुकानात शिरले, पोरीनं काय देऊ म्हणून विचारलं, आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून दोन चहा निघून गेले. दुसरा कप त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला होता. आपण जिंकलो, हे पहिल्यांदा त्या खुर्चीलाच सांगितलं होतं. चहा निवून त्यावर साय धरेपर्यंत ते तिथे बसून होते.

"साक्षीदार होता का कोणी तुमच्या बाजूनं?" मिसेस पिलिंगनी विचारलं. आवाज मघापेक्षा मऊ होता. "साक्षीदाराचा चहा देता येतो मला."

"होती ना," वॉल्टररावांचा चेहरा उजळला. "सगळी केस तिच्यावरच तर उभी होती."

"मग झालं तर. त्यांची इथे सही आणा, देते मंजूर करून."

वॉल्टरराव कोटाचं बटण चाचपू लागले.

"काय हो, सही द्यायला नाही म्हणतील का त्या?"

"तसं नाही." त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. "चर्चच्या मागे आहे ती. डाव्या हाताला."

मिसेस पिलिंगनी पेन खाली ठेवलं. "न प्यायलेल्या चहाचे पैसे देता येत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात असतं तर दिले असते. मी खोडू, का तुम्ही खोडता?"

"मीच खोडतो."

ती एक रेघ ओढणं वॉल्टररावांना कोर्टापेक्षा जड गेलं. कोर्टात त्यांनी म्युरिएल वारली एवढंच कबूल केलं होतं. समोर चहा प्यायला आता कोणी नाही, हे त्यांना इथे आपल्या हातानं लिहून द्यावं लागलं, आणि मागे उभा असलेला माणूस तेवढ्यात घाईनं खाकरला.

पैसे वेळेवर आले. दुसरा चहा आणि दुसरा पाव सोडून सगळे. वॉल्टरराव कौन्सिलशी भांडून जिंकले होते, पण आता कोणाकडे काही मागायचं उरलं नव्हतं, आणि त्यामुळे सकाळी कुठे जायचंही उरलं नव्हतं. घरात दोन दिवस येरझाऱ्या घातल्यावर तिसऱ्या दिवशी ते कोर्टासमोरच्या त्याच दुकानात गेले. फुकटच्या पासावर. बसमध्ये बसून त्यांनी मनातल्या मनात तालीमसुद्धा केली होती.

"एक चहा."

"एकच का, आजोबा?" पोरगी म्हणाली.

"एकच."

दुकान माणसांनी भरलेलं होतं. त्यांना खिडकीजवळचं टेबल मिळालं, दोन खुर्च्यांचं. एकट्या माणसानं दोन खुर्च्यांचं टेबल अडवलं की चारचौघांत जसं ओशाळं वाटतं, तसं वाटत ते चहा ढवळत राहिले. इतक्यात हिरव्या कोटातल्या एक बाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याच वयाच्या असतील. हसून म्हणाल्या, "इथे कोणी आहे का हो?"

वॉल्टरराव सावरून बसले. पण आता ते चुकणार नव्हते. कोर्टात आणि कौन्सिलात पक्कं पाठ झालेलं उत्तर त्यांनी खणखणीत आवाजात दिलं, "नाही, कोणी नाही. मी एकटाच आहे." आणि लगबगीनं आपला कप बाजूला सरकवला, टेबलावरचा चुरा हातानं झाडला, साखरेचं भांडं पलीकडच्या बाजूला नीट ठेवलं.

"फार बरं झालं बाई," असं म्हणत बाईंनी ती रिकामी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि कोपऱ्यात त्यांच्या मैत्रिणी बसल्या होत्या त्या टेबलाकडे घेऊन गेल्या.