इंग्रजी सायकलची कुरकुर

"माझ्या पान्यांपुढे वाकणार नाही अशी सायकल आपल्या अख्ख्या रोमान्या प्रांतात अजून जन्मायची आहे!" आर्तेमिओने छाती ठोकून सांगितलं.

"मग माझी वाकव," त्याची बायको लोरेदाना म्हणाली. "तीन वर्षं कुरकुरतेय."

ती कुरकुर साऱ्या गावाला पाठ होती. लोरेदाना पुलावर पोचली की इकडे घरात कळायचं!

खरा प्रश्न सायकलचा नव्हता, कोठीघरातल्या फळ्यांचा होता. रविवारच्या जुन्या बाजारातून आर्तेमिओने वेचून आणलेली सायकल दुरुस्तीची एकशे चाळीस जुनी हत्यारं तिथे अंगाला तेल चोपडून पहुडलेली असायची. आणि ऑगस्ट आला होता. टोमॅटोच्या रसाच्या नव्वद बाटल्या ठेवायच्या कुठे? गेल्या वर्षी त्या पलंगाखाली होत्या. एक बाटली फसफसून फुटली, तेव्हा पाय लालभडक बघून आर्तेमिओने शेवटच्या प्रार्थनेसाठी पाद्रीबाबांना बोलवायला सांगितलं होतं!

"जेवणापर्यंत कुरकुर थांबली तर हत्यारं राहतील," लोरेदानाने फर्मान काढलं, "नाही तर भंगारवाला. आणि थांबली तरी यापुढे नवा खिळासुद्धा घरात आणायचा नाही. कबूल?"

"कबूल!" हे वचन तो दर वर्षी देत असे. हत्यारंही दर वर्षी वाढत.

सायकल लोरेदानाच्या मावशीची. मावशी इंग्लंडात स्वयंपाकीण होती, येताना ही घेऊन आली. आर्तेमिओने पायडलचा दांडा उतरवला. त्यामागचा, आसाचे छर्रे धरणारा लोखंडी कप सोडवायचा, पुसायचा, ग्रीस भरायचं की काम फत्ते. त्याने १९३८ सालचा लांब दांड्याचा पाना काढला, त्याचा मुका घेतला आणि चाळीस वर्षं फिरवत आला तसा डावीकडे फिरवला. कप ढिम्म!

"जोर कमी पडतोय तुझा," कुंपणावरून शेजारी ओरफेओ म्हणाला. हा गावचा न्हावी.

"तू केस काप लेका!"

पण पाचच मिनिटांत ओरफेओ सायकलच्या सांगाड्यावर दाबून बसला होता आणि पान्याच्या दांड्यात नळाचा पाइप घातला होता. तेवढ्यात पत्रं घेऊन पोस्टमनबाई इरीदे आली. चांगली भरभक्कम बाई!

"बाई, जरा या पाइपवर बसता का?"

इरीदे बसली. कर्र्र! कप केसभर हलला.

"सुटला!" आर्तेमिओ ओरडला. त्यानंतर मात्र तिघं मिळूनही तो हलेना.

इरीदेने वाकून पाहिलं. "सायकल इंग्रजी आहे का हो? मग या बाजूचे आटे उलटे असतात. आपल्याकडचा कप डावीकडे फिरवला की सुटतो, हा आवळतो."

"म्हणजे आम्ही तासभर..."

"आवळत होता!"

आर्तेमिओने पाना काढून खाली ठेवला. आता तो कप साक्षात देवालाही सुटला नसता. तेवढ्यात चर्चची बाराची घंटा झाली आणि टोमॅटोने माखलेले हात घेऊन लोरेदाना दारात उभी! त्याने दांडा परत बसवला. गेली हत्यारं, एवढंच त्याच्या मनात होतं.

लोरेदाना सायकलवर बसली, पुलापर्यंत जाऊन आली. आवाज नाही! सैल कप हेच कुरकुरीचं मूळ होतं आणि तो तर आता जन्माचा आवळला गेला होता. तिने टोमॅटोच्या हातांनीच नवऱ्याचे गाल धरले. "शाबास रे!" आर्तेमिओचे डोळे अगदी मनापासून भरून आले. ओरफेओ आणि इरीदेच्या तोंडाला कुलूप घालायला वाइनच्या दोन बाटल्या गेल्या.

पुढच्या रविवारी लोरेदाना सायकलवरून चर्चला गेली आणि आर्तेमिओ बाजारात. पितळेची काय सुबक तेलकुपी मिळाली! कोठीघरात तो ती निवांत पुसत बसला. घाई कसली? पुलावर कुरकुर ऐकू आली की वस्तू पिठाच्या डब्यात टाकायची. तीन वर्षांची रीत होती.

"सुरेख आहे. केवढ्याला घेतलीस?" मागून लोरेदानाने विचारलं.

आता फळ्यांवर नव्वद बाटल्या आहेत. लोरेदाना मनाने मोठी. तिने भंगारवाल्याला बोलावलं नाही, हत्यारं पलंगाखाली ठेवू दिली. ती निदान फसफसत तरी नाहीत! आर्तेमिओही तसा सुखात आहे. फक्त दुपारी तिचा डोळा लागला की तो ओरफेओला सायकलवर बसवतो आणि तो कप गुपचूप उजवीकडे फिरवून पाहतो. थोडासाच सैल हवाय, कुरकुरण्यापुरता. पण काम इतकं चोख झालंय की सुटता सुटत नाही!