अंदाजपंचे न चालणारे शेषराव मामा

शेषराव मामा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, बाटलीकडे बघत. दवाखान्यात औषध घ्यायला आपापली बाटली घरून न्यावी लागे. मामा ती खिडकीतून आत ओढत, बूच काढून नाकाला लावत आणि मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगत, "रॉकेल!" की ती बाई त्या दिवसापासून रॉकेलबाई. एका गुरुजींना ते शाईवाले म्हणत. माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. मी खोबरेल.

मामा लातूरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटलीवर डोसाच्या खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची असते. दुसरे लोक ती भराभर कापतात. मामा श्वास रोखून कापायचे. खळ लावून पट्टी बसवली की बाटली उजेडात धरायचे, एक डोळा मिटायचे. रांगेतलं कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "अंदाजपंचे धंदा न्हाई आपला. घाई असंल तर भोंदूकडं जा, तो बघायच्या आधीच अंगारा देतो."

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या रंगवल्या होत्या आणि नळ कोरडे होते. मामा म्हणायचे, "कलेक्टर आला, आता टँकर कवा येतो बघू."

माझे मालक डाळीच्या मिलमध्ये हमाल होते. आम्ही लोह्याकडचे, कामासाठी लातूरला आलेलो. आमची सुमन पाच वर्षांची होती. तिला सारखा थंडीताप यायचा आणि लघवीला आग व्हायची. महिन्यातून एकदा बाहेरगावचे सर्जन यायचे. त्यांनी तपासून सांगितलं, हिची लघवी पिशवीतून उलटी मूत्रपिंडाकडे चढते. ऑपरेशन करावं लागेल. तोवर रोज झोपताना थोडं औषध द्यायचं, म्हणजे ताप येणार नाही. ताप येत राहिला तर मूत्रपिंड खराब होईल. ते मला नीट समजलं. औषधाचं मात्र समजलं नाही.

त्या साली आम्ही सगळंच राखून ठेवायचो. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी शेणकुटाला. आंघोळ पोरीची झाली की त्याच पाण्यात कपडे. साबणाचा तुकडासुद्धा मी दोऱ्यानं बांधून टांगायची. मग औषध कसं नासवणार? पोरगी अंगणात खेळत होती, ताप नव्हता. मी एक दिवस द्यायची, दोन दिवस राखायची. ताप आला म्हणजे भरपूर देता येईल, असा माझा हिशेब.

औषध भरून घ्यायच्या नव्या तारखेला अर्धी भरलेली बाटली घेऊन मी खिडकीशी गेले. मला वाटलं, मामा शाबासकी देतील.

"हे बघा मामा, किती पुरवलं."

मामांनी खाचा बघितल्या. मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कामून दिलं न्हाईस?"

"ताप नव्हता."

"ताप येऊ नये म्हणूनच देऊन राहिलो ना गं माय! जोंधळ्याला राखण कवा बसवतीस? पाखरं यायच्या आधी का कणसं खाऊन गेल्यावर?"

मी पदर तोंडाला लावला. मागची रॉकेलबाई हसली. मामा तिच्यावर खेकसले, "हसू नको. तू तर खोकल्याचं औषध म्हशीला पाजलं व्हतंस."

त्याच आठवड्यात सुमनला ताप भरला. दातावर दात आपटेपर्यंत थंडी. सर्जन ऑपरेशनसाठी आले, हात लावून बघितलं आणि म्हणाले, तापात ऑपरेशन नाही, पुढच्या महिन्यात. ऑपरेशनची एक पाळी माझ्या औषध राखून ठेवण्यापायी गेली.

त्यानंतर मी एक दिवस चुकले नाही. आणखी एक व्हायचं. मामा रोज दुपारी घरून जेवून मिलच्या रस्त्यानं दवाखान्यात परत जाताना आमच्या दारात सायकल थांबवायचे आणि उतरायच्या आधीच ओरडायचे, "पाणी किती पेली?" डॉक्टरांनी सुमनला भरपूर पाणी पाजायला सांगितलं होतं. आमच्याकडे मोजून घागर. मामांच्या हँडलला पाण्याचा डबा असायचा. तो ओट्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "घरी ठेवला तर डास व्हतेत." मामा एकटेच राहायचे. एका माणसाच्या पाण्याला एवढे डास कुठून होणार, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ऑपरेशनला आलेल्या सगळ्या पोरांना टेबलावर न्यायच्या आधी, जखम पिकू नये म्हणून सुई द्यायची होती. पण टाकीत पाणी नव्हतं. हात धुवायलाच पाणी नाही तर ऑपरेशन कसं होणार? सिस्टर म्हणाल्या, सुया तर देऊन टाकू. औषधाच्या कपाटाची किल्ली मामांकडे. मामा कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

"टँकर आल्याबिगर सुई न्हाई."

"मामा, ऑर्डर आहे."

"ऑर्डर कापायच्या जरा आधीची हाय. आता दिली आन पाणी दुपारी आलं तर कापताना अंगात काय ऱ्हाईल? राखणदार भाकर खायला घरी, आन पाखरं रानात!"

आमच्या सासूबाई तिथंच होत्या. त्या कडाडल्या, "सुया लपवून ठेवतो का रं मुडद्या? आमची पोरगी काय रस्त्यावर पडली?"

"शिव्या दे आजी. शिव्या कितीबी दे, सुई देणार न्हाई."

गलबला ऐकून सर्जन बाहेर आले. मला वाटलं, आता मामांची नोकरी गेली. सर्जननी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. टाकी भरू द्या." मामांच्या कपाळावरचा घाम तेव्हा मला दिसला.

टँकर जेवणवेळेला आला. मामांनी सुई काढून दिली आणि सिस्टरांनी सुमनला आत नेलं. ती बाहेर येईपर्यंत ते व्हरांड्यात बाकाच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला.

ऑपरेशन चांगलं झालं. जखम पिकली नाही. मालक मामांना म्हणाले, "आणखी आठ दिवस सुया द्या की, ताकद येईल." मामांनी हात जोडले. "एक राखणदार पुरे हाय राजा. धा ठेवले तर तेच कणसं खातेत."

झोपतानाचं औषध मात्र पुढं काही महिने चालू होतं. मग पोटाचा एक्स-रे फोटो काढला. सर्जन म्हणाले, लघवी आता वर चढत नाही, औषध बंद.

मी खिडकीशी जाऊन सांगितलं. "बंद? बरं झालं," मामा म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. दुसऱ्या दिवसापासून सायकल आमच्या दारात थांबली नाही. दवाखान्यात जायला त्यांना तो रस्ता लागतच नव्हता, हे मला मालकांनी तेव्हा सांगितलं.

दोन आठवडी बाजार गेले. तिसऱ्या बाजाराला मी सुमनला घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी राहिले. आमचा नंबर आला. मामांनी सुमनला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं? ताप?"

"न्हाई."

"आग?"

"न्हाई मामा."

"मग कामून आणलंस तिला?"

"बरी हाय, ते सांगायला."

मामा म्हणाले, "बरं हाय म्हणून इथं कुणी येत न्हाई गं." सुमननं खिडकीच्या गजातून हात घालून त्यांचं बोट धरलं होतं.

त्यांनी आतलं दार उघडलं, स्टूल पुसून माझ्यापुढं ठेवलं. मागून कुणी ओरडलं, "ओ मामा, आमचं औषध?"

"थांबा जरा," मामा म्हणाले. "माझ्याकडं पाव्हणे आलेत."