जिन्यातली फिनिश-चाचणी

"फिनिश ही अंदाजाने ठरवायची गोष्टच नव्हे!" चंद्रकांतरावांनी दिवंगत पत्नीच्या, माधवीबाईंच्या फोटोला ठणकावून सांगितले. फोटोने विरोध केला नाही. हयातीत असे एकदाही घडले नव्हते!

तंत्रनिकेतनात शिकलेल्या या निवृत्त गृहस्थांशी सुरतेतल्या त्या फ्लॅटमध्ये आता एक लेथ मशीनच काय ते बोलत असे, आणि तेही घरघरत. त्यावर कातलेल्या सागवानी पेनांनी आणि शिसवी वाडग्यांनी कपाट भरून गेले होते. यंदा बेत पक्का होता. चंदनी पडव्याला, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, अख्खी सोसायटी गच्चीवर घारी ही तुपाळ मिठाई खायला जमते. माधवीबाई होत्या तोवर खालच्या मजल्यापर्यंत हाक यायची. त्यांच्यामागे ती यायची थांबली. न बोलावता जावे कसे? पण घरोघरी एकेक वाडगा दिला, तर कोणीतरी "काका, वर या" म्हणेलच!

प्रश्न उरला फिनिशचा. पेनाला चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश चालते. पेन कोणी खात नाही. वाडग्यात माणूस खाणार! मग चपडा, मेण की अळशीचे तेल? त्यांनी तिन्हींचा एकेक वाडगा नीट वाळवला, डाग पडतो का ते पाहायला प्रत्येकात हळद, मीठ आणि अर्धे लिंबू ठेवले. घरात लेथचा भुसा उडतो, म्हणून तिन्ही वाडगे जिन्याच्या वळणावर ओळीने मांडले आणि ते निर्धास्त झोपले. ती सर्वपित्री अमावास्या होती. पण कॅलेंडर पाहण्याचे खाते माधवीबाईंकडे होते!

सकाळी शहरातल्याच डिंडोली भागातून जिना झाडायला येणाऱ्या उषाबाईंनी इमारत हादरवली.

"ओ माय व! हाई उतारा कोन ठी गया?"

अमावास्येला कोणी करणीचा उतारा ठेवून गेल्याचे ऐकून क्षणात दारे उघडली आणि तितक्याच वेगाने मिटली. सेक्रेटरी ललितभाई वरून ओरडले, "कोई नीचे मत उतरना!" शाळा बुडाल्याने पोरांनी टाळ्या पिटल्या. मग चंद्रकांतरावांच्या मोबाइलवर ललितभाईंचा फोन आला, "काका, मीटिंग छे, वरती जिन्यात आवो!"

बोलावणे! चंद्रकांतराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. विषय ऐकून त्यांना हसूच आले.

"अहो, ते वाडगे माझे आहेत. आम्लाचा फिनिशवर होणारा परिणाम..."

"काका, किसको बचा रहे हो?" ललितभाईंनी विचारले.

"कोणालाही नाही! पडव्याला प्रत्येक घरी एक द्यायचा, म्हणून ही चाचणी."

"एवढे वाडगे? काका, तुमच्याकडे तर कोणी येतसुद्धा नाही!" शेजारच्या प्रमिलाबाई सहज बोलून गेल्या.

कोणीतरी खाकरले. ललितभाईंनी तोडगा काढला, "मग तुम्हीच उचला. आमच्या घरी लहान पोरं आहेत. तुम्ही एकटे. तुमको क्या होगा!"

तर्क बिनतोड होता. म्हणूनच तो मनाला लागला. चंद्रकांतराव तडक वळणावर उतरले, हळदीने माखलेले लिंबू उचलले आणि सर्वांसमक्ष कचाकचा खाल्ले!

"काकांनी खाल्लं!"

त्या दिवसापासून त्यांच्या दाराची बेल देवळातल्या घंटेसारखी वाजू लागली. "काका, चक्कर येते?" "वाईट स्वप्नं?" "जीभ दाखवा बघू!" चंद्रकांतराव चहा टाकत. वाडग्यातून शेव पुढे केली, की पाहुणे हात पाठीमागे नेत, पण बसत! ललितभाई तर स्वतःच्या गुडघ्यांची कहाणी सांगत तासभर बसले. अख्खे नवरात्र भरल्या घरात गेले.

घात केला तो प्रकृतीने. ती घोड्यासारखी ठणठणीत राहिली! हळूहळू बेल विरळ झाली, मग गप्प झाली.

चंदनी पडव्याच्या संध्याकाळी जिन्यावरून पावले वर गेली. तुपाचा वास तेवढा खाली आला. चंद्रकांतरावांनी बराच वेळ वाट पाहिली, दार उघडले, जिन्यात उभे राहून खोकले. काहीच नाही. मग छाती भरून खोकले.

"अगं बाई, काकांना खोकला!" वरून प्रमिलाबाई विजयी स्वरात म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं मी?"

चंद्रकांतरावांचे पाऊल पहिल्या पायरीवर पडलेही होते.

"काका, ऊपर मत आना!" ललितभाई कळवळून ओरडले. "तूप, गार हवा, काहीच चालणार नाही! काढा पाठवतो!"

थोड्या वेळाने बेल वाजली. त्यांनी धावत जाऊन दार उघडले. उंबऱ्याबाहेर वाफाळता स्टीलचा पेला होता, आणि जिन्यात पळणाऱ्या चपलांचा आवाज.

त्यांनी काढा अळशीच्या तेलाच्या वाडग्यात ओतला आणि पाहत बसले. डाग नाही, गळती नाही. निष्कर्ष निर्विवाद होता!

वर जाऊन तो कोणाला सांगावा, तर त्यांना खोकला झाला होता.