साहेब दाराबाहेर, चित्र झकास

रांग कशी लावायची ते मला विचारा. बारा वर्षं तेच करतोय. फक्त माणसांची नाही, माहितीची. चिपच्या आत चित्र, आवाज, बटणांचे हुकूम असे सगळे एकाच अरुंद वाटेने जातात. आधी कोण आणि मागून कोण, हे ठरवणारा मी.

आमच्या नव्या चिपचं काम दार सांभाळायचं. बाहेरच्याचं चित्र आत दाखवायचं, बेल वाजवायची, कुलूप उघडायचं. मागच्या खेपेला चित्र अडखळलं म्हणून साहेबांनी मला सगळ्यांदेखत झापलं होतं. म्हणून या वेळी पहिला मान चित्राला! ते पोचल्याशिवाय दुसऱ्या कुणी वाटेवर पाऊल ठेवायचं नाही. चिप मी माझ्याच दाराला बसवली आणि साहेबांना घरी बोलावलं. त्यांनी मान डोलावली की सोमवारी चिप कारखान्यात जाणार आणि मी टीमचा प्रमुख होणार.

साहेब आले. पडद्यावर इतके स्वच्छ दिसले, की मिशीतले पांढरे केस मोजून घ्यावेत.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "अडखळतंय का कुठे?"

"अहो, पण बेल कुठे वाजतेय? ते मघापासून बटण दाबतायत."

बेलचा हुकूम चित्राच्या मागे ताटकळत होता. मी घाईघाईने कुलूप उघडायचं बटण दाबलं. तो हुकूम बेलच्या मागे जाऊन उभा राहिला. कुलूप आतून हाताने उघडायची साधी कडी होती, पण ती जुनाट दिसते म्हणून मी आठवड्यापूर्वीच उखडून टाकली होती.

साहेब हात हलवू लागले. आता गोची अशी, की समोरचा माणूस जितका हलेल तितकं चित्र जड होतं आणि बाकीच्यांना वाट मिळत नाही. मी त्यांना फोन लावला.

"साहेब, जरा हलू नका."

"काय?"

"पुतळ्यासारखे उभे राहा. म्हणजे दार उघडेल."

"तुमच्या दारात मी पुतळा होऊ?" त्यांनी दोन्ही हात असे काही नाचवले, की दाराच्या आत असूनही मीच मागे सरकलो.

"रागावू नका ना साहेब, रागाने चित्र वाढतं."

झालं, आगीत तेल! साहेबांनी दाराला लाथ घातली आणि अंगठा धरून एका पायावर उड्या मारल्या. एकही उडी अडखळली नाही, हे मात्र सांगायला हवं.

शेवटी दमून ते जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि चित्राबाहेर गेले. लगेच बेल वाजली, सलग चौदा वेळा, आणि दार उघडलं.

साहेब लंगडत आत आले. बायकोने पाणी दिलं. चिपने नोंदवून ठेवलेली ती अकरा मिनिटं साहेबांनी पडद्यावर पाहिली, उड्यांसकट.

"चित्र उत्तम आहे," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "सोमवारचं नंतर बघू. आधी हे पुसून टाका. आत्ता, माझ्यासमोर."

मी पुसायचं बटण दाबलं. पण नोंद संपली की आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायची; साहेब पडद्यावर पुन्हा हात हलवू लागले.

पुसायचा हुकूम मी कुलपाच्याही मागे ठेवला होता.