नूडल्सचं तिसरं पाकीट

“यादीत आहे तेवढंच भांड्यात जाईल, बाबा. यादीत नाही ते कितीही चांगलं असलं तरी नाही,” सून दारात बूट चढवत म्हणाली.

“अगं, छत्तीस वर्षं लिफ्ट तपासल्या मी. माझी सही झालेली एकही लिफ्ट कधी मध्ये अडकली नाही. आणि तू मला नूडल्स शिकवतेस?”

“लिफ्टमध्ये गहू नसतो,” सून म्हणाली आणि इस्पितळातल्या ड्यूटीवर निघून गेली.

आजोबांनी घड्याळ पाहिलं. साडेचार. सहा वाजता ठिपकीचे तीन दोस्त जेवायला येणार होते. ठिपकी ही त्यांची आठ वर्षांची नात. नाकावर एकच एक तीळ, म्हणून ठिपकी. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हिच्या पोटाला ग्लुटेन चालत नाही. म्हणजे गहू बंद, आणि ज्यात गहू लपलेला असेल ते सगळंच बंद. नखाएवढा ब्रेडचा तुकडा पोटात गेला, तरी ती दोन दिवस पोट धरून पडायची.

पण आज ठिपकीला पोटाची काळजी नव्हती. ती स्टुलावर बसून आजोबांना तिसऱ्यांदा बजावत होती.

“आजाराचं नाव काढायचं नाही.”

“नाही काढणार.”

“मला वेगळं ताट नको. सगळ्यांना एकच.”

“एकच.”

“आणि त्यांना आवडलं पाहिजे, आजोबा. नुसतं ‘बरं आहे’ नाही. आवडलंच पाहिजे. मी दवाखान्यातून आल्यापासून ते तिघं डबा खाताना माझ्यापासून लांब बसतात. माझा डबा विचित्र दिसतो ना, म्हणून. आज पण त्यांना आवडलं नाही, तर सोमवारी मी शाळेत जाणारच नाही.”

हे ती रडत म्हणाली असती, तर आजोबांनी तिची समजूत घातली असती. पण ती अगदी शांतपणे म्हणाली, आणि त्यामुळे आजोबांनी यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासली.

तयारी मात्र चोख होती. सकाळीच त्यांनी ब्रेड, टोस्ट आणि स्वतःची बिस्किटं आपल्या खोलीत हद्दपार केली होती. ओटा तीनदा पुसला होता. तांदळाच्या नूडल्सचं एकच मोठं पाकीट पुरलं असतं, पण ज्याने आयुष्यभर लिफ्ट तपासल्या तो सुट्या भागाशिवाय कामाला हात घालत नाही. त्यांनी तीन आणली होती. गाजर, वाटाणे, मक्याचे दाणे, अंडी, तेल, मीठ, मिरपूड. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती.

पाच वाजता पहिलं पाकीट शिजलं. आजोबांनी नूडल्स चाळणीत ओतल्या, वाफ ओसरली, आणि त्यांना चाळणी दिसली. जुनी, वाकड्या दांड्याची चाळणी. गेली दहा वर्षं याच चाळणीत गव्हाच्या नूडल्स निथळल्या होत्या. तिच्या भोकाभोकात काय अडकलं असेल हे आता कोण सांगणार?

“काय झालं?” ठिपकीने विचारलं.

“काही नाही. ही नुसती रंगीत तालीम होती,” आजोबा म्हणाले, आणि पहिलं पाकीट चाळणीसकट कचऱ्यात गेलं.

दुसरं पाकीट उकळत्या पाण्यात पडलं, तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या काकू. हातात भला मोठा केक, एप्रनवर मैदा, मैद्याचाच एक पट्टा कपाळावर.

“ऐकलं की आज बालगोपाळ जमणार आहेत! म्हटलं, आपणही हातभार लावू. सरका, ओट्यावर ठेवते.”

आजोबा सरकले नाहीत. ते दोन्ही हात पसरून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“आत जाता येणार नाही. आत... रंगकाम चाललंय.”

“रंगकाम? पाहुणे यायच्या दिवशी?”

“पाहुणे येणार म्हणूनच.”

“मग हा उकळल्याचा आवाज कसला?”

“रंग,” आजोबा म्हणाले. “हल्ली गरम करून लावतात.”

काकूंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. म्हातारपणी एकेकाचं असं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलं. मग माया दाटून येऊन त्यांनी केक आजोबांच्या हातात दिला, खांद्यावर थोपटलं आणि दिलाशाचे चार शब्द बोलून त्या गेल्या. शब्द ऐकायला चांगले होते, पण त्यात सहा मिनिटं गेली. आता आजोबांच्या खांद्यावर पाच बोटांचा पांढरा ठसा होता. केक कपाटावर चढवला, शर्ट बदलला, हात कोपरापर्यंत घासले आणि ते परत आले, तर पातेल्यात नूडल्स नव्हत्याच. तिथे एक गोळा होता. चमचा उभा केला तर उभाच राहत होता.

“ही पण तालीमच का?” ठिपकी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

“ठिपके, घड्याळ बघ आणि मला दर मिनिटाला वेळ सांग. दुसरं काही बोलू नकोस.”

तिसरं पाकीट जमलं. नूडल्स एकेक सुट्ट्या, भाज्या कुरकुरीत, अंड्याचे पिवळे तुकडे मधूनमधून डोकावत होते. झाकण लावून, वाकवून पाणी काढलं. चाळणीचं नावही नाही. ठिपकी म्हणाली, “सहाला आठ कमी.” आजोबांनी एक घास चाखला.

सपक. अगदी तापातल्या माणसाला द्यावं तसं. अजून मीठ घातलं. खारट सपक झालं. ‘आवडलंच पाहिजे’ हे शब्द त्यांच्या कानात वाजायला लागले. सहाला पाच कमी असताना त्यांनी वरच्या फळीवर हात घातला. मागे, कधीतरी कोणीतरी भेट दिलेली सोया सॉसची बाटली होती. सीलबंद. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं छापलेलं.

यादीत ती नव्हती. आजोबांचा हात थांबला. पण पाण्यासारख्या पातळ वस्तूत पीठ कुठून येणार? शिवाय चष्म्यावर वाफ बसली होती. त्यांनी बाटली फिरवून मागची बाजू पाहिली नाही. सील फोडलं आणि पाच चमचे ओतले. रंग खुलला, वास सुटला, चव अशी आली की त्यांनी डोळे मिटले.

बेल वाजली.

तिघंही वेळेवर आली होती. चष्मेवाली प्रोफेसर, शाळेच्या संघाचा गोलकीपर असलेला गोली, आणि कधीच न बोलणारी मौनी. आत आल्या आल्या तिघं न सांगता बेसिनपाशी गेली आणि त्यांनी साबणाने हात धुतले. गोलीने तर आधी दाराबाहेर उभं राहून दोन्ही खिसे उलटे करून झटकले. काय वळण आहे मुलांना, आजोबांना वाटलं.

मग मुलं टेबलापाशी आली. ठिपकी या टोकाला बसली. ती तिघं थेट त्या टोकाला जाऊन बसली.

ठिपकीने मान खाली घातली. आजोबांनी घाईघाईने ताटं वाढली. आता सगळी भिस्त चवीवर होती.

“काय वास सुटलाय!” गोली म्हणाला.

ठिपकीने चटकन मान वर केली. तिने काट्यावर नूडल्स गुंडाळायला सुरुवात केली.

“आजोबा,” प्रोफेसरने विचारलं, “हा काळपट रंग कशाचा?”

“ते आमचं गुपित आहे.”

“गुपित नको. बाटली दाखवा.”

आजोबांनी हसत हसत बाटली आणून दिली. प्रोफेसरने ती उलटी फिरवली, नाकाजवळ नेली आणि बोट ठेवून वाचू लागली. “पाणी. सोयाबीन. मीठ...” बोट थांबलं. “ठिपके, काटा खाली ठेव.”

काटा ठिपकीच्या ओठांशी होता. तिला काही कळेना. खोलीत कोणी हललं नाही, हलली फक्त मौनी. ती टेबलाला वळसा घालून धावली आणि तिने ठिपकीच्या हातातून काटा काढून घेतला.

“गहू,” प्रोफेसर म्हणाली. “चौथ्या नंबरावर.”

आजोबांनी ठिपकीचं ताट ओढून घेतलं. “खाल्लंस का? बाळा, खरं सांग. एक तरी घास?”

ठिपकीने नाही म्हणून मान हलवली. ती मौनीकडे बघत होती.

“तुम्हाला... कसं माहीत?”

“तू दवाखान्यात होतीस तेव्हा बाईंनी सांगितलं,” प्रोफेसर म्हणाली. “तक्ता पण केलाय. वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून लावलाय, तुला वाईट वाटू नये म्हणून. त्यात खाली लिहिलंय, सॉसच्या बाटलीची मागची बाजू वाचा.”

“मग डबा खाताना लांब का बसता?”

“माझ्या सँडविचचा चुरा उडतो ना,” गोली म्हणाला. “तुझ्या डब्यात पडला म्हणजे?”

“दोन खुर्च्या,” मौनी म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. “बाईंनी एक सोडायला सांगितली होती. आम्ही मोजून दोन सोडतो.”

ठिपकीचं तोंड उघडंच राहिलं. “मला वाटलं, तुम्ही कट्टी केलीत!”

“कट्टी तर तू केलीस! डबा झाकून झाकून खातेस!”

यावर चौघंही एकदम बोलायला लागली. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं आणि कोणाचं काही बिघडतही नव्हतं. शेवटी गोलीच्या पोटातून एवढा मोठा आवाज आला, की सगळी गप्प झाली.

“मुलांनो, चूक माझी,” आजोबा म्हणाले. “यादीबाहेर गेलो मी. चौथं पाकीट नाही आता.”

“बटाटे आहेत का?” प्रोफेसरने बाह्या सरसावल्या. “आणि कढई घासलेली आहे ना? आधी मला दाखवा.”

पुढचा पाऊण तास आजोबांनी फक्त सुरी आणि गॅस सांभाळला. प्रोफेसरने तेलाच्या बाटलीपासून मिठाच्या डब्यापर्यंत सगळं वाचलं. मौनीने बटाट्याच्या इतक्या पातळ चकत्या रचल्या, की त्यातून पलीकडचं दिसावं. गोलीने अंडी फोडली. दोन वाटीत पडली, एक पायावर. चकत्या कुरकुरीत झाल्या, वर अंडी पसरली आणि ठिपकीने चीज किसून घातलं. चौघं एकाच बाजूला कोपराला कोपर लावून बसली आणि कढईतूनच खायला लागली. ‘आवडलं का’ हे विचारायचं ठिपकीच्या लक्षातही राहिलं नाही.

“सोमवारपासून मी पण बटाटा आणणार,” गोली तोंड भरलेलं असताना म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, “रोज?”

“शुक्रवारी आण सँडविच,” ठिपकीने परवानगी दिली.

आजोबांना आता भूक लागली होती. दुपारपासून त्यांच्या पोटात फक्त चाखलेले दोन-तीन घास गेले होते, आणि नूडल्स खरोखर झकास झाल्या होत्या. टाकून देणं जिवावर आलं. त्यांनी आपलं ताट भरून घेतलं, मुलांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि ते बसणार, एवढ्यात ठिपकीने घास हातात धरून दुसरा हात ट्रॅफिक पोलिसासारखा वर केला.

“आजोबा! लांब!”

आजोबांनी निमूटपणे ताट उचललं आणि ते मोजून दोन खुर्च्या सोडून बसले.

“तीन,” मौनी म्हणाली.